घरासाठी मोबाइल निवडताना

सुगी उरकून भाताचे पैसे हाती आले आणि नाताळ दाराशी येऊन ठेपला, की आमच्या भेटीस येणाऱ्या मंडळींच्या प्रश्नांत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडू लागली आहे. पूर्वी लोक विचारीत, मुलाला कोणत्या शाळेत घालावे, मुलीस सांगून आलेले स्थळ कसे आहे, आईचे डोळे कोणत्या डॉक्टरास दाखवावे. हे प्रश्न आजही येतातच. परंतु त्याच ओघात खिशातून दोन जाहिरातींचे कागद बाहेर निघतात आणि ‘फादर, ह्यांतला कोणता मोबाइल घ्यावा?’ असा सवाल होतो. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा खचितच नाही. सतरा-अठरा हजार रुपयांत घराच्या कौलांची डागडुजी होते, अथवा मुलाच्या एका वर्षाच्या शिक्षणाची तजवीज होते. एवढी रक्कम जाहिरातीतील चित्रावर भुलून खर्च करणे कोणत्याही कुटुंबास परवडणारे नाही.

शहरातील माणसाचा फोन बहुधा त्याच्या एकट्याचा असतो. खेड्यात तसे नसते. आमच्या खानापूर-लोंढ्याकडील वाड्यांत पाहावे, तो घरातला एकच चांगला फोन सर्वांच्या सेवेस असतो. परदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा त्यातच दिसतो, बँकेचा संदेश त्यावरच येतो, धाकट्याचा अभ्यास त्यावरच होतो, लग्नकार्याचे फोटो त्यातच साठतात, आणि रात्री गोठ्यात जाताना विजेरी म्हणूनही तोच हाती असतो. तेव्हा असा फोन निवडणे म्हणजे घराला एक कारभारी नेमण्यासारखेच आहे. आणि कारभाऱ्याचा नुसता चेहरा पाहून त्यास कोणी कामावर ठेवीत नाही.

विवेचन सोपे व्हावे म्हणून एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. हे घर डोंगराच्या कुशीत आहे. भिंती जांभ्या दगडाच्या, जाडजूड. घरात वृद्ध आजी, आईवडील व शाळेत जाणारा धाकटा मुलगा. थोरला कुवेतला नोकरीस, मुलगी हुबळीस नर्सिंगच्या शिक्षणासाठी. २०२३ च्या पावसाळ्यात एका रात्री आजीस दम लागला. रुग्णवाहिका बोलवावी, तर घरातून फोन लागेना. शेवटी बाप छत्रीनिशी वरच्या माळावर धावत गेला, तेव्हा कोठे संपर्क झाला. आजी त्यातून बरी झाली. परंतु आईच्या मनाने घेतले, की आता जुना फोन बदलावयाचाच. मुलाने पैसे पाठविले आणि दोन नावेही सुचविली. एक सॅमसंग गॅलेक्सी एम ३४, जो त्याच वर्षी जुलैत बाजारात आला व सवलत धरून १६,९९९ रुपयांपासून मिळत होता. आणि दुसरा रेडमी नोट १२, पाचव्या पिढीचा, जो जानेवारीत १७,९९९ रुपयांपासून विक्रीस निघाला होता. दोहोंच्या किमतीत म्हणण्यासारखा फरक नाही, आणि जाहिरातींत गुणांचा पाढा तर दोघांचाही तितकाच लांब. मग निवडावे कसे?

आमचे मत असे, की अशा वेळी प्रथम घराची गरज मांडावी व मग फोनकडे वळावे. ह्या घराच्या गरजा तीनच होत्या. घरात बसून बोलता यावे, ही पहिली. आजीला नातवाचा चेहरा स्पष्ट दिसावा, ही दुसरी. आणि मुलीच्या लग्नाचे वर्ष जवळ आल्यामुळे फोटो नीट यावेत, ही तिसरी. म्हणजेच रेंज, पडदा आणि कॅमेरा. जाहिरातींत मात्र कॅमेरा सर्वांत वर छापलेला असतो, पडदा त्याखाली, आणि रेंजचा तर बहुधा उल्लेखसुद्धा नसतो.

वास्तविक ह्या यंत्राचा जन्म बोलण्यासाठी झाला. आपल्या देशात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू ह्यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम ह्यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले, आणि भारतात मोबाइलयुगाचा प्रारंभ झाला. त्या यंत्रांस ना कॅमेरा होता, ना चित्रांचा पडदा. बोलणे ऐकू येते की नाही, एवढीच त्यांची परीक्षा होती. आज तीस वर्षांनंतर ती परीक्षा घेण्याचे आपण विसरलो आहोत.

रेंज पाहावयाची म्हटले, की सर्वांची नजर फोनच्या वरच्या कोपऱ्यातील कांड्यांकडे जाते. ह्या कांड्यांवर भिस्त ठेवू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. किती रेंजला किती कांड्या दाखवाव्या, ह्याचा सर्व कंपन्यांस बांधील असा नियमच नाही. जून २०१० मध्ये अमेरिकेत ॲपल कंपनीचा आयफोन ४ विक्रीस आला. त्याच्या पोलादी कडाच त्याचा अँटेना होत्या, आणि डाव्या हातात विशिष्ट प्रकारे धरला म्हणजे रेंज खाली जाई. ओरड झाल्यावर कंपनीने जुलैत जाहीर केले, की कांड्या मोजण्याचे आपले सूत्रच चुकीचे होते व अनेक वेळा फोन असावयास हव्या त्यापेक्षा दोन कांड्या अधिक दाखवीत होता! पुढे तिने ग्राहकांस फोनची कडा झाकणारे आवरण मोफत दिले. एवढ्या नामांकित कंपनीची ही कथा, मग इतरांचे काय सांगावे?

कांड्यांऐवजी आकडा पाहावा. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ ह्या सदराखाली सिमची स्थिती दाखविणारे पान असते. तेथे रेंजचा आकडा उणे चिन्हाने दिलेला असतो. चौथ्या पिढीच्या सेवेसाठी उणे ८० ते ९० म्हणजे उत्तम, उणे १०० म्हणजे साधारण, उणे ११० म्हणजे दुर्बळ, आणि उणे १२० च्या पलीकडे गेले म्हणजे बोलणे केव्हा तुटेल ह्याचा भरवसा नाही. शून्यापासून आकडा जितका दूर, तितकी रेंज वाईट. ह्या मोजमापात दर दहा अंकांमागे शक्ती दहापट बदलते. म्हणून उणे ९५ व उणे ११० ह्यांतील अंतर कागदावर पंधराचे दिसले, तरी प्रत्यक्षात ते सुमारे तीसपटीचे असते.

आम्ही त्या कुटुंबास सुचविले, की दोन्ही फोन आप्तेष्टांकडून एका दिवसापुरते मागून आणावेत. रेडमी शेजारच्या वाडीत होता. सॅमसंग बेळगावहून एका भाच्याने रविवारी येताना आणला. घरचे सिम आळीपाळीने दोहोंत घालून माजघर, स्वयंपाकघर, अंगण व गोठा अशा चार ठिकाणी आकडे लिहून ठेवले. हे काम धाकट्याने मोठ्या हौसेने केले. निष्कर्ष काय निघाला? स्वयंपाकघरात एक फोन उणे ११२ दाखवी, तर दुसरा उणे ११४. अंगणात नेमके उलटे. म्हणजे दोन फोनांत रेंजच्या दृष्टीने निवड करण्याजोगे काहीच नव्हते. मग भाच्याने आपले सिम काढून घातले. ते दुसऱ्या कंपनीचे होते. त्याच स्वयंपाकघरात, त्याच फोनवर, आकडा आला उणे ९७! ज्या अडचणीपायी अठरा हजार खर्च करावयाचे ठरले होते, तिचे मूळ फोनमध्ये नव्हतेच. ते सिममध्ये होते. नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ पासून उपलब्ध आहे. आईने ते काम त्याच आठवड्यात उरकून घेतले.

असा फरक का पडतो, हे थोडक्यात सांगणे इष्ट होईल. प्रत्येक कंपनीचा टॉवर निरनिराळ्या ठिकाणी असतो, आणि त्यावरून सुटणाऱ्या लहरीही निरनिराळ्या असतात. ७००, ८५० व ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब पल्ला गाठतात, झाडीतून व भिंतीतून तुलनेने बऱ्या शिरतात. २३०० व ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी वेगाने पुष्कळ माहिती वाहून नेतात, परंतु जाडजूड भिंतीपुढे त्यांचा निभाव लागत नाही. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात पाचव्या पिढीची सेवा सुरू झाली, तेव्हा शहरांतून वेगाचे जे गोडवे गायले गेले, ते मुख्यतः ३५०० च्या लहरींचे. खेड्यास गरज असते ती लहान आकड्याच्या लहरींची. म्हणून नवा फोन घेताना तो कोणते ‘बँड’ स्वीकारतो, हे अवश्य पाहावे. ७०० साठी २८ क्रमांकाचा बँड, ८५० साठी ५, ९०० साठी ८, १८०० साठी ३, २१०० साठी १ व २३०० साठी ४० हे क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून दुकानात न्यावेत. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्यावे.

परदेशातून येणाऱ्या फोनांविषयी येथेच एक सूचना. आखातातून अथवा अमेरिकेतून आप्त मंडळी प्रेमाने फोन आणतात. तो फोन त्या देशाच्या लहरींसाठी घडविलेला असू शकतो. शिवाय २०२२ मध्ये आलेल्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांत सिम घालावयाची जागाच ठेवलेली नाही; सारा कारभार आतील इलेक्ट्रॉनिक सिमवर चालतो. भेट नाकारावी, असे आम्ही म्हणत नाही. परंतु आणण्यापूर्वी एक पत्र, म्हणजे हल्ली एक संदेश, धाडून मॉडेलचा पूर्ण क्रमांक विचारून घेणे शहाणपणाचे.

ज्या घरी तारेने आलेले इंटरनेट आहे, परंतु मोबाइलची रेंज नाही, त्यांना आणखी एक मार्ग खुला आहे. त्याला वाय-फाय कॉलिंग म्हणतात. एअरटेलने ही सोय डिसेंबर २०१९ मध्ये व जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केली. फोन टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून साधा कॉल लावतो. पलीकडच्या माणसास काही वेगळे करावे लागत नाही. अनेकांच्या फोनमध्ये ही सोय असूनही ती सेटिंग्जमध्ये बंद पडून राहिलेली असते. दोन मिनिटांचे काम आहे. तसेच भारत संचार निगमच्या स्वदेशी बनावटीच्या चौथ्या पिढीच्या सेवेचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. ज्या गावात त्या एकाच कंपनीचा टॉवर आहे, तेथील मंडळींनी तिचे सिम पुन्हा एकदा पारखून पाहण्यास हरकत नाही.

रेंज दुर्बळ असली, की फोन टॉवरला गाठण्यासाठी स्वतःची शक्ती वाढवितो व बॅटरी लवकर उतरते. ‘घरात ठेवला तरी फोन तापतो’ ही तक्रार डोंगराआडच्या गावांतून वारंवार ऐकू येते, तिचे हे एक कारण. ह्या बाबतीत दोन फोनांत खरा फरक होता. सॅमसंगची बॅटरी ६,००० मिलिअँपिअर-तासांची, तर रेडमीची ५,००० ची. पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते, तेथे हा हजाराचा फरक मोलाचा आहे. उलटपक्षी रेडमीबरोबर ३३ वॉटचा चार्जर पेटीतच मिळे. सॅमसंगच्या पेटीत चार्जरच नव्हता आणि फोन २५ वॉटपेक्षा जलद चार्ज होत नसे. वीज थोडाच वेळ येत असेल, तर जलद चार्जिंगही काही थोडे नव्हे! शिवाय सॅमसंगचे वजन २०८ ग्रॅम व रेडमीचे १८८. आजीने दोन्ही हातांत तोलून पाहिले व ‘हा जड आहे गो’ असा अभिप्राय तत्काळ दिला.

आता कॅमेऱ्याकडे वळू. दूरध्वनी आणि कॅमेरा ह्यांची गाठ कशी पडली, त्याची हकीकत आम्हास फार आवडते. ११ जून १९९७ रोजी अमेरिकेत फिलिप कान नावाच्या गृहस्थांच्या पत्नीने प्रसूतिगृहात एका कन्येस जन्म दिला. कान ह्यांनी कॅमेरा, संगणक व मोबाइल ह्यांची तेथल्या तेथे जोडणी केली आणि बाळाचे छायाचित्र दूरदूरच्या आप्तेष्टांस धाडून दिले. एका बापाच्या आनंदातून निघालेली ही युक्ती आज घरोघरी पोहोचली आहे.

कॅमेऱ्याच्या बाबतीत लोक मेगापिक्सेलच्या आकड्याने दिपून जातात. सॅमसंगचा मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा, रेडमीचा ४८ चा. म्हणून पहिला दोनाने श्रेष्ठ, हा हिशेब निरर्थक आहे. दोन्ही फोन नेहमीच्या वापरात चार-चार बिंदू एकत्र करून एक बिंदू करतात व साडेबारा किंवा बारा मेगापिक्सेलचेच चित्र काढतात. तेवढे पुरते का? भिंतीवर टांगावयाचा आठ इंच बाय दहा इंचांचा फोटो उत्तम छापावयाचा, तर इंचाला तीनशे बिंदू धरून सव्वासात मेगापिक्सेल पुरे होतात. पाकिटात ठेवावयाच्या चार बाय सहाच्या फोटोस तर दोनाहून थोडे अधिक. तेव्हा आकड्यांची ही शर्यत कंपन्यांनी आपसात धावावी. आपण बांधावर उभे राहून पाहावी.

खरी कसोटी उजेड कमी असताना लागते. भर दुपारी अंगणात काढलेला फोटो कोणत्याही फोनवर चांगला येतो. परंतु आपल्याकडील मोलाचे प्रसंग बहुतेक संध्याकाळचे वा रात्रीचे: लग्नाच्या आदल्या रात्रीचा रोस, नाताळचा गोठा, मध्यरात्रीच्या मिस्सेहून परतलेली मुले. अशा वेळी पुरेसा उजेड गोळा करण्यासाठी कॅमेरा आपली झडप अधिक काळ उघडी ठेवतो. एखाद्या दशांश सेकंदाचाच अवकाश, परंतु तेवढ्यात हात थरथरला की चित्र पुसट झाले. ह्यावरील उपाय म्हणजे कॅमेऱ्यातच बसविलेली एक यंत्रणा. हात ज्या दिशेस हलेल, त्याच्या उलट दिशेस ती भिंगास किंचित सरकविते व चित्र स्थिर राखते. तिला ओआयएस म्हणतात. ही यंत्रणा सॅमसंगमध्ये होती, रेडमीमध्ये नव्हती. सतरा हजारांच्या फोनात त्या वर्षी ती सहसा आढळत नसे, आणि दोन फोनांमधील सर्वांत मोठा भेद आमच्या मते हाच होता.

मात्र तिच्याकडून भलती अपेक्षा करू नये. हाताचा कंप ती सांभाळते. समोर नाचणाऱ्या पोराचा वेग तिला आवरता येत नाही. त्या चित्रासाठी अधिक उजेड हाच उपाय. दोन्ही फोनांच्या पाठीवर तीन-तीन भिंगे होती हे खरे, परंतु त्यांतील तिसरे, दोन मेगापिक्सेलचे, फुलापाखरांचे जवळून फोटो काढण्यासाठी म्हणून दिलेले, हे केवळ संख्या भरण्यासाठी बसविलेले असते, असे स्पष्ट लिहिण्यास आम्हास संकोच वाटत नाही. दुसरे, आठ मेगापिक्सेलचे रुंद भिंग मात्र उपयोगी. लहानशा खोलीत सबंध गोतावळा एका चित्रात बसवावयाचा, तर तेच कामास येते. दूरची वस्तू जवळ दिसावी असे खास भिंग दोहोंतही नव्हते. बोटांनी चित्र मोठे केले म्हणजे तपशील वाढत नाही, नुसता अस्पष्टपणा वाढतो. वेदीजवळचे नवरानवरी मागच्या बाकावरून टिपू पाहणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे, व कृपा करून त्यासाठी मधल्या वाटेत येऊन उभे राहू नये.

आणखी दोन बारीक गोष्टी, ज्यांस पैसा लागत नाही. फोटो काढण्यापूर्वी भिंग मऊ सुती कापडाने पुसावे. निम्म्या ‘खराब’ कॅमेऱ्यांचा दोष बोटांच्या तेलकट ठशांचा असतो. आणि छापावयाचा फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने धाडू नये, कारण पाठविताना तो दाबून लहान केला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडल्यास मूळ चित्र जसेच्या तसे पोहोचते. फोटोग्राफरच्या दुकानी गेल्यावर हा फरक तत्काळ दिसून येतो.

पडद्याविषयी फार लिहावयास नको. एकाचा साडेसहा इंच, दुसऱ्याचा सहा पूर्णांक सदुसष्ट. दोन्ही अमोलेड जातीचे, ज्यात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो व काळा रंग खरोखर काळा दिसतो. अक्षरांची रेखीवता जवळजवळ सारखी. सेकंदास १२० वेळा चित्र बदलण्याचा गुणही दोघांतही होता. तो डोळ्यांस सुखावतो खरा, पण बॅटरी खातो. साठावर ठेवले तरी आजीचे काही अडत नाही. उन्हात पडदा दिसावा म्हणून तेज लागते. ते ‘निट’ ह्या मापाने मोजतात. हे माप मुळात मेणबत्तीच्या उजेडावरून आलेले आहे. सॅमसंग १,००० निट सांगत होता, रेडमी १,२००. परंतु असे कमाल आकडे बहुधा क्षणभरासाठी व पडद्याच्या लहानशा भागासाठी असतात. शेताच्या बांधावर उभे राहून दोन्ही फोनांवर एकच संदेश वाचून पाहावा, ही परीक्षा पुरेशी आहे. त्या कुटुंबाने ती केली, आणि बापास दोहोंवरही वाचता आले. काच मात्र सॅमसंगची अधिक टणक, गोरिल्ला ग्लास ५; रेडमीची त्याच घराण्यातील ३. वृद्धांसाठी पडदा निवडताना इंचांपेक्षा अक्षरांचा आकार वाढविण्याची सोय अधिक महत्त्वाची, आणि ती प्रत्येक फोनात असते. कोणीतरी बसून ती लावून देणारा मात्र लागतो.

आमच्या भागातील पाऊस पाहता पाण्याचाही विचार करावा लागतो. रेडमीला ‘आयपी ५३’ असे प्रमाण होते, म्हणजे धुळीस बऱ्याच अंशी अटकाव व वरून उडालेल्या तुषारांपासून बचाव. सॅमसंगच्या ह्या मॉडेलास तसे कोणतेही प्रमाण नव्हते. अर्थात तुषार निराळे आणि ओढ्यात पडणे निराळे; ५३ चा फोनसुद्धा पाण्यात बुडविण्यासाठी नाही. तरी हा गुण रेडमीच्या पारड्यात टाकलाच पाहिजे.

आजीस लहरींचे भय वाटत होते, तेही सांगून टाकू. भारतात फोनच्या लहरी शरीरात किती शोषल्या जाव्यात ह्यावर दर किलोमागे १.६ वॉटची मर्यादा आहे. फोनवर *#०७# दाबले, की त्या मॉडेलचा आकडा पडद्यावर येतो. आम्ही तो दोन्ही फोनांवर आजीस दाखविला. दोन्ही मर्यादेच्या आत होते. आजीचे समाधान झाले की नाही हे सांगता येत नाही, परंतु त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

सर्व बाजू मांडून झाल्यावर घरात मतभेद उरलाच. मुलीचा ओढा रेडमीकडे होता. तो हलका, देखणा, लवकर चार्ज होणारा. आईचे म्हणणे सॅमसंगच्या बाजूने. दोन दिवस बॅटरी टिकेल तर तोच बरा. आमचा सल्ला विचारला, तेव्हा आम्हीही सॅमसंगकडे कौल दिला, आणि त्याचे एक कारण अद्याप सांगावयाचे राहिले आहे. फोनच्या आतील प्रणालीत वेळोवेळी दुरुस्त्या येत असतात. त्या बंद झाल्या, की बँकेच्या व्यवहारास तो फोन असुरक्षित होत जातो. ह्या मॉडेलास चार वेळा नवी अँड्रॉइड प्रणाली व पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याचे सॅमसंगने जाहीर केले होते. ज्या घरी एक फोन पाच-सहा वर्षे चालवावयाचा असतो, तेथे हे आश्वासन कॅमेऱ्याइतकेच मोलाचे. मुलीने नाइलाजाने मान्यता दिली. चार्जर निराळा विकत घ्यावा लागला, पावसासाठी मेणकापडाची पिशवी शिवली गेली, आणि जड फोन आजीस एका हाती धरता येत नाही म्हणून धाकट्याने लाकडाची एक छोटी घडवंची करून दिली. तीवर फोन ठेवून आजी दर रविवारी कुवेतच्या नातवाशी बोलते.

ते घर डोंगराआड नसून बेळगावच्या कॅम्पात असते, रेंज मुबलक, वीज अखंड आणि घरातून बसथांब्यापर्यंत दररोज पावसात चालणे, तर आमचा कौल कदाचित रेडमीस मिळाला असता. दुसऱ्याच्या घरी चांगला ठरलेला फोन आपल्या घरी चांगला ठरेलच असे नाही.

ही दोन्ही मॉडेल्स आता जुनी झाली असून त्यांच्या जागी दोन्ही कंपन्यांनी पुढील क्रमांकांचे फोन आणले आहेत. जुन्या बाजारात मात्र ती स्वस्तात हाती येतात, व पुष्कळ कुटुंबे तीच घेतात. त्यात गैर काही नाही. तथापि चोरीचा माल पदरी पडू नये म्हणून पैसे देण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. फोनवर *#०६# दाबावे. पंधरा अंकी क्रमांक दिसेल. इंग्रजी अक्षरांत ‘केवायएम’ असे लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक लिहावा व १४४२२ ह्या क्रमांकावर संदेश धाडावा. केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘संचार साथी’ ह्या संकेतस्थळावरही हीच चौकशी होते. उत्तरात फोन काळ्या यादीत असल्याचे, अथवा त्याच क्रमांकाचे दुसरे यंत्र वापरात असल्याचे आले, तर विकणारा कितीही ओळखीचा असो, फोन त्याच्या हाती परत द्यावा. उत्तर समाधानकारक आले, तर मूळ पावती मागून घ्यावी, तीवरील क्रमांक फोनमधील क्रमांकाशी अंक न् अंक ताडून पाहावा, आणि ती पावती घरच्या उताऱ्याच्या व रेशन कार्डाच्या कागदांबरोबर पेटीत ठेवावी. पुढे फोन हरवलाच, तर पोलिसांत तक्रार नोंदवून त्याच संकेतस्थळावरून तो देशभर बंद करविता येतो, आणि त्या वेळी प्रथम विचारणा होते ती ह्याच पंधरा अंकांची.